विचारा तर खरं! : ‘वेबमेलमध्ये अकराच पत्रं, बाकीची गेली कुठे?’

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझं वय ७३. साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालो. २००७ साली इथल्याच एका इंटरनेटवाल्याकडून जोडणी घेतली, तेव्हा ईमेलचा पत्ताही त्यानेच दिला. तेव्हापासून मेल कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची आणि मग निवांत वाचायची, अशी सवय आहे. आधी आउटलुक एक्सप्रेस हा मेलचा प्रोग्रॅम होता, नंतर पुतण्याने थंडरबर्ड बसवून दिलं. गेल्या महिन्यात कंपनीचा एसएमएस आला : येत्या १ तारखेपासून मेल फक्त वेबमेलवर, म्हणजे ब्राउझरमध्ये त्यांची साइट उघडून बघायची. पॉप आणि आयमॅप, म्हणजे मेल प्रोग्रॅममध्ये पत्रं आणायच्या दोन्ही वाटा, बंद. फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, ‘काका, वेबमेल उलट सोपं असतं.’ म्हणून उघडून पाहिलं, तर आत फक्त अकरा पत्रं! अठरा वर्षांची माझी बाकीची पत्रं गेली कुठे? कंपनीला असं परस्पर करता येतं का? आणि नातू म्हणतो तसं सरळ जीमेल घेऊन टाकावं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी घोटभर पाणी प्या. तुमची पत्रं कुठेही गेलेली नाहीत. ती तुमच्या घरातच आहेत, टेबलाखालच्या त्या डब्यात. (मीसुद्धा तुम्हाला काका म्हणणार होते, पण मी स्वतः एकोणसाठची आहे. तेव्हा राहू दे.)

अकराचा हिशेब असा. तुमचं खातं पॉप पद्धतीचं आहे. पॉप म्हणजे पोस्टमन. कंपनीच्या सर्व्हरवरून, म्हणजे त्यांच्याकडच्या कॉम्प्युटरवरून, पिशवी उचलायची, तुमच्या दारात आणून रिकामी करायची आणि सर्व्हरवरचा खण साफ करायचा, एवढंच त्याचं काम. आउटलुक एक्सप्रेस तर मुळातच पत्र उतरवलं की सर्व्हरवरून पुसून टाकायचं. थंडरबर्ड जरा दमाने घेतं. खात्याच्या सेटिंगमध्ये, सर्व्हरच्या पानावर, ‘इतके दिवस प्रत सर्व्हरवर राहू द्या’ अशी एक ओळ आहे. तिथे बहुधा चौदाचा आकडा असेल. बघून घ्या. म्हणजे वेबमेलमध्ये दिसलेली अकरा पत्रं ही गेल्या पंधरवड्याची. ती मुलगी तुम्हाला हे एका वाक्यात सांगू शकली असती, पण तिच्या समोरच्या कागदावर ते लिहिलेलं नसणार.

आता ‘सोपं असतं’ याबद्दल. ज्याने कधी मेल उतरवून घेतली नाही त्याला वेबमेल सोपंच. पण आपल्या पिढीला ही उतरवून घ्यायची सवय लागली ती हौस म्हणून नाही, तर मीटरच्या धाकाने. विदेश संचार निगमने (व्हीएसएनएल) १५ ऑगस्ट १९९५ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. मी तेव्हा पुण्यात नारायण पेठेत एका डीटीपीवाल्यांकडे कामाला होते. १९९७मध्ये त्यांनी खातं घेतलं. पत्त्यात @ च्या पुढे ‘जीआयएएसपीएन झिरो वन डॉट व्हीएसएनएल डॉट नेट डॉट इन’ असं लांबलचक शेपूट होतं. फोनवर कोणाला पत्ता सांगायचा तर चहा गार व्हायचा. मोडेम फोनच्या लाइनवर. म्हणजे एक तर तास मोजून विकत घेतलेलं इंटरनेट, आणि शिवाय दर काही मिनिटांनी फोनचा एक कॉल पडतोय. मालक घड्याळ काढून शेजारी उभे. उत्तरं आधी लाइन न जोडता लिहून ठेवायची, मग मोडेम लावायचा, किंचाळणं संपलं की पत्रं एका दमात आत-बाहेर, आणि लाइन बंद. वाचायचं नंतर. तुम्ही जे ‘निवांत’ म्हणता ते हेच.

वेबमेल त्या काळी गरिबाघरची सोय होती. साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ला हॉटमेल काढलं ते ज्यांच्या टेबलावर स्वतःचं खातं नाही अशांसाठी फार चाललं. आपल्याकडे सायबर कॅफेत तासाने पैसे मोजणारी सगळी पोरं हॉटमेलवर नाहीतर रेडिफवर. ज्याच्या घरी जोडणी, तो ‘माझी मेल आउटलुकमध्ये येते’ असं जरा मान ताठ करून सांगायचा. मग १ एप्रिल २००४ला गूगलने जीमेल काढून १ जीबी जागा फुकट दिली. हॉटमेल तेव्हा २ एमबी देत होतं. तारीख बघून बऱ्याच जणांना तो एप्रिल फूलच वाटला. गंमत म्हणजे त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात जीमेलने पॉपची सोयही फुकट दिली. वेबमेलवालाच म्हणाला, घ्या, घरी न्या. आणि आज ज्याच्याकडे आपण घरी न्यायलाच गेलो होतो, तो म्हणतोय इथेच बसून वाचा.

तो असं का म्हणतो, तेही सांगते, कारण तुम्ही हिशेबातले माणूस आहात. मेल हा या मंडळींचा धंदा आता राहिलेलाच नाही. नवीन गिऱ्हाईक येतं ते जीमेल खिशात घेऊनच येतं. कंपनीचा पत्ता वापरणारे उरलेत ते तुमच्यासारखे जुने, आणि नेमके तेच कॉल सेंटरला फोन करतात : पासवर्ड विचारतोय, पोर्ट कुठला टाकू, मेल येतेय पण जात नाही. वेबमेल असेल तर एकच उत्तर : साइट उघडा. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. जुन्या पद्धतीचं पॉप ११० नंबरच्या पोर्टावरून, म्हणजे सर्व्हरच्या त्या नंबरच्या दारातून, चालतं आणि त्यात पासवर्ड उघडा जातो, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. असा चोरलेला पासवर्ड वापरून कोणी रात्रीतून हजारो रद्दी पत्रं सोडली की त्या कंपनीच्या सर्व्हरचं नाव स्पॅमहाउससारख्या काळ्या यादीत जातं. मग तुमचं बिचारं साधं पत्रही समोरच्याच्या दारातून परत येतं. शिवाय जुन्या मेल प्रोग्रॅमना ओटीपी विचारता येत नाही, ब्राउझरला येतो.

कारणं खोटी नाहीत. पण यावर उपायही जुनेच आहेत : उघडं ११० बंद करायचं आणि कुलूपबंद ९९५ किंवा आयमॅपचं ९९३ चालू ठेवायचं. कुलूप बदलायचं सोडून दार विटांनी बंद करायचं, याला मी सुरक्षा म्हणणार नाही. आळस म्हणेन. आणि वेबमेलच्या पानावर जाहिरातीचा पट्टा लावता येतो, थंडरबर्डमध्ये नाही लावता येत, हेही एक आहेच.

हे फक्त आपल्याकडेच चाललंय असंही नाही. न्यूझीलंडमध्ये व्होडाफोनने ३० नोव्हेंबर २०१७ला आपली सगळी ईमेल सेवाच बंद केली. ऑस्ट्रेलियात टीपीजीने २०२३मध्ये गिऱ्हाइकांची खाती दुसऱ्याच एका कंपनीकडे सोपवली. अमेरिकेत व्हेरायझन २०१७मध्येच यातून बाहेर पडली. त्या मानाने तुमच्या कंपनीने निदान खिडकी तरी उघडी ठेवली आहे.

‘करता येतं का’ याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. ईमेल ही जोडणीबरोबर मिळालेली जादा भेट, साखरेबरोबर मिळणाऱ्या पिशवीसारखी. तक्रार जरूर करा. कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून नंबर घ्यायचा, समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं. ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, थेट पत्र लिहून उपयोग नाही, ट्राय एकेकट्याच्या तक्रारी चालवत नाही. पण माझं ऐकाल तर तो जोर ‘पॉप चालू ठेवा’ यावर खर्च करू नका. ‘बंद करायच्या आधी मला माझी फाइल द्या’ यावर करा. का, ते माझ्यावर बेतलेल्या प्रसंगावरून सांगते.

मी २००४मध्ये कोथरूडला घरी केबलचं इंटरनेट घेतलं. त्या केबलवाल्याने पत्ता दिला आणि मी शहाणपणा केला : पॉप नको, आयमॅप. आयमॅपमध्ये पत्रं सर्व्हरवरच राहतात, तुमच्या कॉम्प्युटरवर त्यांची सावली. म्हणजे ऑफिसातून बघा, घरून बघा, सगळीकडे सारखंच. लोकांना मी तेच सांगत फिरायचे. माझा दादा तेव्हा मस्कतला नोकरीला होता. त्याची पत्रं मराठीतून यायची, शिवाजी फॉन्टमध्ये. युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखीच दिसणारी मराठी, त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. ‘माझी बोटं बसलीत, आता हलवत नाही,’ म्हणायचा.

२०१०मध्ये त्या केबलवाल्याने सर्व्हर बदलला. सूचना अशी काही नाहीच. एका सकाळी आउटलुक एक्सप्रेसने पासवर्ड मागितला, दिला, पुन्हा मागितला. असं चारदा झाल्यावर मी डावीकडच्या यादीत गेले. दादाच्या पत्रांच्या विषयांच्या ओळी सगळ्या दिसत होत्या, तारखांसकट. पण एकही पत्र उघडेना. आउटलुक एक्सप्रेस आयमॅपवर फक्त मथळे उतरवून ठेवायचं, मजकूर मागितला तरच आणायचं. म्हणजे माझ्याकडे पाच वर्षांची अनुक्रमणिका होती आणि पुस्तक त्यांच्याकडे. मग फोन केला तेव्हा कळलं, आता मेल फक्त वेबमेलवर. उघडलं. पत्रं होती. पण शिवाजी फॉन्टमधलं पत्र फॉन्ट न लावता उघडलं की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. मध्येच कॅपिटल अक्षर, मध्येच कंस, मध्येच टिंब. दादा मस्कतच्या उन्हाबद्दल लिहितोय की आईच्या औषधाबद्दल, काही पत्ता लागेना. आउटलुकमध्ये मी फॉन्ट बदलून वाचायचे, वेबमेलमध्ये तसलं बटणच नाही. आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात : ९० दिवसांपेक्षा जुनी पत्रं आपोआप काढली जातील.

गेले त्याच्या ऑफिसात. एका इमारतीच्या जिन्याखालची खोली, भिंतीवर लुकलुकणारे दिवे, जमिनीवर वायरींची भेंडोळी. खुर्चीत विशी-बाविशीचा एक मुलगा, पाय त्या भेंडोळ्यांवर. मी तावातावाने सुरू केलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘मॅडम, जुना सर्व्हर अजून पुसलेला नाही. तुमची फाइल काढून देऊ का?’ मी गप्पच. त्याने काळ्या पडद्यावर चार ओळी टाइप केल्या आणि सापडली : माझ्या खात्याच्या नावाची एकच फाइल, शेवटी कुठलंही एक्स्टेन्शन नाही, २१२ एमबी. याला एमबॉक्स म्हणतात. सगळी पत्रं एकाखाली एक चिकटवलेली एक लांबलचक वही. त्याने सीडीवर घालून दिली. पैसे घेतले नाहीत, खालच्या गाडीवरचे दोन वडापाव मात्र घेतले.

घरी येऊन थंडरबर्ड बसवलं. त्याच्या ‘लोकल फोल्डर्स’च्या जागी, डिस्कवरच्या त्याच नावाच्या फोल्डरात, ती फाइल जशीच्या तशी ठेवली आणि प्रोग्रॅम पुन्हा उघडला. डावीकडे आपोआप एक नवं फोल्डर आलं. मग सेटिंगमध्ये जाऊन रोमन लिपीसाठी शिवाजी फॉन्ट निवडला, ‘पत्रातले फॉन्ट वापरू द्या’ ही खूण काढली, आणि पहिलंच पत्र उघडलं. ‘इथे हापूसची पेटी आली होती. भाव विचारला आणि वास घेऊन परत आलो.’ बाकी पत्र मी तुम्हाला सांगणार नाही.

तुमची गोष्ट याच्या बरोबर उलटी आहे. माझी खतावणी त्यांच्या कपाटात होती आणि कपाटाला कुलूप पडलं. तुमची खतावणी तुमच्याच घरी आहे, पण एकच प्रत, एकाच डिस्कवर. मला तुमच्या १ तारखेपेक्षा त्या डिस्कची जास्त भीती वाटते. म्हणून हा अंक हातातून ठेवण्याआधी एक पेनड्राइव्ह शोधा. थंडरबर्डच्या हेल्प मेनूत ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ म्हणून एक ओळ आहे. ती उघडलीत की ‘प्रोफाइल फोल्डर’ असं दिसेल आणि समोर ‘ओपन फोल्डर’चं बटण. ते दाबलं की जो फोल्डर उघडतो त्यात तुमची अठरा वर्षं आहेत. थंडरबर्ड बंद करायचं, मगच तो अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवायचा. चालू ठेवून उतरवलंत तर फाइल अर्धवट यायची शक्यता असते. दोन पेनड्राइव्ह केलेत तर एक मुलीकडे ठेवा.

आउटलुक एक्सप्रेसच्या काळातली पत्रं पुतण्याने थंडरबर्डमध्ये आणली होती का, तेही तपासा. यादी तारखेने लावा आणि सगळ्यात तळाला जा. तिथे २००७ दिसलं तर पुतण्याला शाबासकी द्या. नाही दिसलं तर ती अजून जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर डीबीएक्स नावाच्या फाइलींत असतील. तो कॉम्प्युटर भंगारात दिला नसेल आणि सुरू होत असेल, तर आउटलुक एक्सप्रेस उघडून पत्रं निवडायची आणि माउसने ओढून डेस्कटॉपवरच्या एखाद्या फोल्डरात टाकायची. प्रत्येक पत्राची एक वेगळी ईएमएल फाइल होते आणि ती थंडरबर्ड वाचतं. वेळखाऊ आहे, पण निवृत्त माणसाला मी वेळेची भीती घालणार नाही.

आता १ तारखेच्या आत करायचं एकच काम. पॉप फक्त इनबॉक्स उचलतं. तुम्ही कधी परगावी असताना वेबमेलवरून पत्रं लिहिली असतील, तर ती ‘सेंट’मधली पत्रं तुमच्या घरी कधीच आलेली नाहीत. रद्दीच्या खणात चुकून पडलेलंही तिथेच आहे. म्हणून थंडरबर्डमध्ये तोच पत्ता दुसऱ्यांदा जोडा, पण या वेळी आयमॅप निवडून. सर्व्हरवरचे सगळे खण दिसतील. त्यातलं हवं ते निवडून ‘लोकल फोल्डर्स’मध्ये ओढायचं. १ तारखेनंतर हे करता येणार नाही. मग एकेक पत्र उघडून सेव्ह करत बसावं लागेल, किंवा माझ्यासारखं जिन्याखालच्या खोलीत जावं लागेल. कंपनीला लेखी विचाराच की एमबॉक्स फाइल मिळेल का. शब्द नेमका ‘एमबॉक्स’ वापरा. नुसतं ‘माझ्या मेलचा बॅकअप द्या’ म्हटलंत तर ती मुलगी पुन्हा वेबमेल किती सोपं आहे ते सांगेल.

१ तारखेनंतर थंडरबर्ड दर दहा मिनिटांनी पासवर्ड मागून तुम्हाला भंडावून सोडेल. त्या वैतागाच्या भरात खातं काढून टाकू नका! खातं काढताना एक चौकोन येतो, ‘पत्रांचा मजकूरही काढा’ असा अर्थ असलेला. त्यात खूण पडली की झालं, सगळी वही चुलीत. त्याऐवजी खात्याच्या सेटिंगमध्ये ‘सुरू होताना नवी पत्रं बघा’ आणि ‘दर इतक्या मिनिटांनी बघा’ या दोन खुणा काढा. खातं मुकं होईल, पत्रं शाबूत राहतील, शोधताही येतील. नेट गेलेलं असतानासुद्धा.

नातवाचं म्हणणं मी अर्धं मान्य करते. नवा पत्ता घ्याच, कारण आत्ताचा पत्ता तुमचा नाही, कंपनीचा आहे. उद्या जोडणी बदललीत तर तो गेला. पण जीमेलच घ्यायला हवं असं नाही. ज्याच्याकडे आयमॅप मिळतं तो कोणीही चालेल. जरा खर्चाची तयारी असेल तर स्वतःच्या आडनावाचं डोमेन, म्हणजे @ च्या पुढचं नाव, घेऊन त्यावर मेल घ्या. मग पोस्टमन बदलला तरी घराचा नंबर तोच राहतो. मी तसंच केलं आहे, पण मी या कामातली आहे. तुम्हाला त्यासाठी दरवर्षी नूतनीकरणाची तारीख सांभाळावी लागेल, आणि ती चुकली तर पत्ता दुसरा कोणीही घेऊ शकतो. एवढी जबाबदारी नको असेल तर जीमेल घ्या, ते थंडरबर्डमध्येच जोडा आणि तुमचं निवांत वाचणं चालू ठेवा. जुन्या वेबमेलच्या सेटिंगमध्ये ‘फॉरवर्ड’ची सोय असेल तर नव्या पत्त्याकडे लावून द्या. सहा महिने तरी दोन्ही चालू ठेवा.

आणि जुना पत्ता कुठेकुठे दिलाय, हे आठवत बसू नका. थंडरबर्डमध्ये इनबॉक्सची यादी पाठवणाऱ्याच्या नावाने लावा आणि खाली सरकत जा. बँक, एलआयसी, आयकर खातं, म्युच्युअल फंडाची मासिक पत्रकं, डीमॅट, पासपोर्ट, सगळे रांगेत उभे दिसतील. एकेकाला नवा पत्ता कळवा, पुढे टिक करा. वेबमेलमधल्या अकरा पत्रांतून ही यादी निघाली नसती.

प्रश्न : आमच्या औषधाच्या दुकानात विंडोजवर आउटलुक २०१३ आहे. त्यात जीमेल जोडलंय. पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, मोबाइलवर त्याच पासवर्डने उघडतं, पण आउटलुक ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणतं. कॉम्प्युटरवाला म्हणतो गूगलने आता आउटलुक बंद केलं, ब्राउझरमध्येच बघा. खरं का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : अर्धवट खरं, आणि अर्धवट खरं सांगून बिल लावणं हा आमच्या धंद्यातला जुना रोग आहे. गूगलने ३० मे २०२२पासून, नुसतं नाव आणि खात्याचा पासवर्ड देऊन आत येणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमना दार बंद करायला सुरुवात केली. पण तुमच्यासाठी बाजूचं दार आहे. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन आधी ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करा. ते केल्याशिवाय पुढची गोष्ट दिसणारच नाही. मग ‘अ‍ॅप पासवर्ड’ शोधा. नाव विचारेल, ‘दुकान’ लिहा. सोळा अक्षरांचा एक पासवर्ड एकदाच दिसेल. तो आउटलुकमध्ये तुमच्या नेहमीच्या पासवर्डच्या जागी टाकायचा, मधल्या मोकळ्या जागा वगळून. मोबाइलवर नेहमीचाच पासवर्ड चालत राहील. उद्या खात्याचा मुख्य पासवर्ड बदललात तर हा सोळा अक्षरी रद्द होतो आणि आउटलुक पुन्हा रुसतं. तेव्हा नवा काढायचा, कॉम्प्युटरवाल्याला फोन करायचा नाही. आणि आउटलुक २०१३ला कंपनीची दुरुस्ती २०२३मध्येच थांबली आहे. औषधाच्या बिलांचा कॉम्प्युटर आहे, तेव्हा थंडरबर्डकडे जा. ते गूगलचीच खिडकी उघडून आत जातं, सोळा अक्षरांची भानगड त्यात नाही.

प्रश्न : सांगली-साताऱ्याकडची जुनी पत्रं बाबांच्या सीडीवर आहेत. मराठीतली आहेत पण सगळी ‘खिचडी’ दिसतात. युनिकोडमध्ये करता येतील का? – एक वाचक, लातूर

उत्तर : येतील, पण आधी फॉन्ट ओळखावा लागेल : शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव, आकृती, यांपैकी कुठलाही असू शकतो आणि प्रत्येकाची बटणांची मांडणी वेगळी. बाबा कुठल्या प्रेसमधून किंवा कुठल्या ऑफिसातून टाइप करून घ्यायचे ते आधी घरात विचारा. त्यावरून निम्मं काम होतं. मग तो फॉन्ट कॉम्प्युटरवर बसवून एक पत्र वाचून बघा. वाचता आलं तरच पुढे त्या फॉन्टसाठीचं युनिकोड रूपांतर करणारं साधन वापरा. रूपांतर झाल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, तिथे हमखास घोळ होतो. ‘आशीर्वाद’मधला रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. मूळ सीडी फेकू नका.